तरणारे दगड आणि बुडवणारं पीठ



'बुडवणे' हा आपल्याकडे तसा बदनाम शब्द आहे. बँक बुडवणारे वेगळे, मेसचं बिल बुडवणारे वेगळे, आणि लेक्चर बुडवणारे तर आपण सगळेच! पण मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर मला कळलं की जगात एक धंदा असाही आहे, जिथे नीट बुडवता येणं हीच खरी कला आहे. काय तरंगवायचं हे तिथे त्यामानाने सोपं असतं. काय बुडवायचं आणि कशाने, यावर सगळा खेळ.

या 'कशाने'चं उत्तर वर्षानुवर्षं सायनाइड आणि डायक्रोमेट असं दिलं गेलं. दोन्ही जहाल विषं. पण याच कामाला मक्याचं पीठ आणि गवारीच्या बियाही चालतात, असं सरांनी सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आलाच, "सर, मेसची आमटी चालेल का?" वर्गात हशा. सर मात्र शांतपणे म्हणाले, "पीठ लावलं असेल आणि ते नीट शिजलं असेल, तर थोडीफार चालेल." त्या उत्तरात बरंच काही दडलेलं होतं. ते उलगडून सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

दगड तरंगतो कसा?

खाणीतून धातू निघत नाही, दगड निघतो. त्यात कामाचं खनिज आणि बिनकामाची गारगोटी, माती हे सगळं एकमेकांत घट्ट मिसळलेलं असतं. मोठाले खडे असते तर तांदूळ निवडतात तसे हाताने निवडले असते. पण चांगले, श्रीमंत दगड आपल्या आधीच्या पिढ्यांनी संपवत आणलेत. आता जे मिळतात त्यात खनिजाचे कण इतके बारीक असतात की आधी दगड दळावा लागतो. एक दशांश मिलिमीटर, कधी त्याहूनही बारीक. मग या दगडाच्या पिठातून खनिज वेचायचं कसं? चाळणी काय कामाची, दोन्ही कण सारख्याच मापाचे. वजनातला फरकही इतक्या बारीक कणांत फारसा उपयोगी पडत नाही.

इथे मदतीला येतं फ्रॉथ फ्लोटेशन. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे याचं मराठी नाव मला मावसभावाच्या दहावीच्या पुस्तकात पहिल्यांदा भेटलं: फेनतरण. खरं सांगते, इंग्रजीपेक्षा मला तेच जास्त आवडलं. फेसावर तरून जाणं! काम नेमकं तेच आहे.

अळवाचं पान आठवा. त्यावर पाणी ठरत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळतो. त्या पानाला पाणी नको असतं. असा पृष्ठभाग म्हणजे जलविरोधी. काचेवर किंवा गारगोटीवर मात्र पाणी पसरतं, कारण ती जलस्नेही. आता दळलेला दगड पाण्यात कालवला आणि खालून हवेचे बुडबुडे सोडले, तर ज्या कणाला पाणी नको आहे तो बुडबुड्याला चिकटेल आणि त्याच्याबरोबर वर येईल. ज्याला पाणी आवडतं तो खाली राहील. वरचा फेस काढून घेतला की झालं.

बहुतेक खनिजं मात्र आपणहून अळवाचं पान होत नाहीत. त्यांना तसं बनवायला 'कलेक्टर' नावाचं रसायन घालतात. तांबं, शिसं, जस्त यांच्या सल्फाइड खनिजांसाठी झँथेट वापरतात. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपटी. गंधकाचं डोकं खनिजाला धरतं, तेलकट शेपटी बाहेर राहते, आणि कण जलविरोधी होतो. फेस लगेच फुटू नये म्हणून पाइन ऑइलसारखा 'फ्रॉदर' घालतात. एवढा सगळा मसाला!

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिथे शिसं आणि चांदी काढून झाल्यावर उरलेल्या गाळाचे डोंगर साठले होते, आणि त्या 'कचऱ्यात' भरपूर जस्त होतं. १९०५ मध्ये मिनरल्स सेपरेशन या कंपनीच्या लोकांनी तेल आणि बुडबुड्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत टाकून दिलेल्या गाळातून जस्त निघायला लागलं.

पण दोघंही तरंगले तर?

खरी भानगड इथून सुरू होते. निसर्गात खनिजं एकेकटी राहत नाहीत, हॉस्टेलसारखी रूम शेअर करतात. तांब्याचं चाल्कोपायराइट आणि शिशाचं गॅलेना पुष्कळदा एकाच दगडात सापडतात. दोघांनाही झँथेट आवडतं, त्यामुळे दोघंही फेसावर येतात. मग फेसात तांबं आणि शिसं एकत्र, आणि ते मिश्रण तसंच भट्टीत घालणं कुणालाच परवडत नाही. अशा वेळी दोघांपैकी एकाला मुद्दाम बुडवावं लागतं. त्यासाठी जे रसायन घालतात त्याला म्हणतात 'डिप्रेसंट'. एक्झाम जवळ आल्यावर आपण सगळेच त्या अवस्थेत असतो, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव पडलंय 'बुडव्या'. कर्जबुडव्या असतो ना, तसा. पुढे मी तोच शब्द वापरते.

१९२२ मध्ये सोडियम सायनाइड हा उत्तम बुडव्या आहे असं पुढे आलं. अगदी थोडं घातलं तरी ते जस्ताचं स्फॅलेराइट आणि लोखंडाचं पायराइट यांना खाली ठेवतं, शिसं वर येऊ देतं. तांबं आणि शिसं वेगळं करायला एक तर सायनाइडने तांबं बुडवायचं, नाहीतर डायक्रोमेटने शिसं. दोन्ही उपाय चालतात, आजही काही कारखान्यांत वापरात आहेत. पण सायनाइडच्या पाण्यात चुकून ॲसिड गेलं तर हायड्रोजन सायनाइडचा प्राणघातक वायू सुटतो, म्हणून ते पाणी कायम अल्कलाइन ठेवावं लागतं. आणि डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करतं, यात आता शंका उरलेली नाही. हे हाताळणारा माणूस, त्या गाळाचं पाणी जिथे झिरपतं तिथल्या विहिरी, यांचा हिशोब त्या धातूच्या किमतीत सहसा धरलेला नसतो.

म्हणून प्रश्न पडतो की बुडव्याचं काम एखादा साधासुधा, खाण्यापिण्यातला पदार्थ करू शकेल का?

पिठात असतं काय?

स्टार्च, म्हणजे आपल्या भात, बटाटा, मका, साबुदाणा यांतला पिष्टमय भाग. हा पॉलिसॅकराइड आहे, म्हणजे साखरेच्या रेणूंची माळ. ग्लुकोजच्या कड्या एकामागून एक जोडत गेलं की स्टार्च होतो. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग अमायलोज असतं, म्हणजे सरळसोट लांब माळ. उरलेला पाऊण भाग अमायलोपेक्टिन, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेली अवाढव्य माळ. हाच स्टार्च ॲसिडबरोबर कोरडा भाजला की माळा तुटून लहान होतात, फांद्या वाढतात, आणि त्याला म्हणतात डेक्सट्रिन. पाकिटाला, तिकिटाला लावायचा जो जुना गोंद असायचा, त्यात हेच असे.

या माळेच्या प्रत्येक मण्यावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाणी अतिशय आवडतं. त्यामुळे असा लांबलचक रेणू ज्या कणावर जाऊन पसरेल तो कण पाण्याच्या प्रेमात पडणार, बुडबुड्याला भाव देणार नाही. शिवाय रेणू इतका मोठा की कलेक्टरच्या तेलकट शेपट्या असल्या तरी त्यांच्यावर चादर घातल्यासारखं होतं.

आता सरांच्या उत्तरातलं 'शिजलेलं' का, ते बघू. कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात घालून पाहा. विरघळत नाही, तळाशी बसतं. कारण स्टार्चच्या माळा त्याच्या दाण्यात घट्ट गुंडाळलेल्या असतात. तेच पाणी गरम केलं की साधारण ६५ ते ७० डिग्रीच्या आसपास दाणे फुगतात, फुटतात, आणि मिश्रण एकदम दाट आणि अर्धपारदर्शक होतं. मंचुरियनच्या ग्रेव्हीत जे होतं ते हेच. आजी सुती साड्यांना खळ घालायची तेव्हा भाताची पेज किंवा साबुदाण्याचं पाणी शिजवूनच घ्यायची, तेही यासाठीच. माळा मोकळ्या झाल्याशिवाय त्या कापडाला धरणार नाहीत, आणि खनिजालाही नाहीत. खाणीवरच्या कारखान्यात एवढं पाणी तापवणं महाग पडतं, म्हणून तिथे स्टार्चमध्ये कॉस्टिक सोडा घालतात. कॉस्टिक गार पाण्यातही दाणे फोडतो. थोडक्यात काय, तर बिनविस्तवाची खळ.

चिकटतं कुठे आणि का?

इथे माझ्यासारख्या परीक्षार्थी माणसालाही विषय इंटरेस्टिंग वाटायला लागला. स्टार्च जर सगळ्यांवरच सारखा चिकटला तर सगळंच बुडेल, उपयोग शून्य. तो निवड करतो कशी?

बरीच वर्षं पुस्तकांत सरळ उत्तर असायचं: हायड्रोजन बाँडिंग. स्टार्चवर हायड्रॉक्सिल, खनिजावर हायड्रॉक्सिल, दोघांचं जमतं. एकेक बाँड कमजोर, पण शेकडो ठिकाणी धरल्यावर सुटणार कसा? रानातून फिरून आल्यावर पँटला आघाड्याचं बी चिकटतं, एकेक काटा नाजूकच असतो, पण काढताना जीव जातो. तसंच हे. ऐकायला छान! पण मग क्वार्ट्झच्या पृष्ठभागावरही भरपूर हायड्रॉक्सिल आहेत. त्याला स्टार्च का धरत नाही?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लिऊ आणि लास्कोव्स्की यांनी १९८९ मध्ये याच्यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी डेक्सट्रिन घेतलं आणि क्वार्ट्झ घेतला. नुसत्या क्वार्ट्झवर डेक्सट्रिन जवळजवळ बसतच नाही. मग त्याच क्वार्ट्झवर आधी शिशाचे आयन बसवले, आणि डेक्सट्रिन चिकटायला लागलं! तेही सगळ्यात जास्त अशा पीएचला, जिथे पृष्ठभागावर शिशाचं हायड्रॉक्साइड तयार होतं. म्हणजे साखरेची माळ नुसता हायड्रॉक्सिल बघत नाही, तो कुणाचा आहे हे बघते. धातूला जोडलेला हायड्रॉक्सिल असेल तर ती धरते, सिलिकॉनला जोडलेला असेल तर पुढे जाते.

मला वाटतं, या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. एकदा हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळतात. अल्कलाइन पाण्यात गॅलेनावर शिशाचं हायड्रॉक्साइड येतं, म्हणून डेक्सट्रिन गॅलेनाला बुडवतं आणि तांब्याचं खनिज फेसावर राहतं. डायक्रोमेटचं काम, पण कॅन्सरशिवाय. आणि पीएच बदलला की बुडव्याची निष्ठाही बदलते. नुसतं पीठ ओतून काही होत नाही, पाणी कसं आहे हे आधी बघावं लागतं.

ब्राझीलचा मका

आता खरोखर चाललेलं उदाहरण. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात इटाबिराइट नावाचा दगड आहे. त्यात हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आणि क्वार्ट्झ यांचे पातळ थर. सामार्को कंपनीची खाण तिथे १९७७ मध्ये सुरू झाली आणि १९७८ पासून ब्राझीलच्या लोहखनिज उद्योगात मक्याचा स्टार्च बुडव्या म्हणून वापरात आहे.

इथे फ्लोटेशन उलटं चालतं, म्हणून त्याला रिव्हर्स फ्लोटेशन म्हणतात. हवं असलेलं लोखंड खाली ठेवायचं आणि नको असलेला क्वार्ट्झ फेसावर काढून टाकायचा. त्यासाठी कलेक्टर म्हणून अमाइन वापरतात. पीएच १० च्या आसपास क्वार्ट्झवर ऋण भार असतो, अमाइनवर धन भार, दोघांचं लगेच जुळतं. अडचण एवढीच की त्या पीएचला हेमॅटाइटवरही ऋण भार असतो, त्यामुळे अमाइन तिकडेही जायला तयार! स्टार्च घातला नाही तर लोखंडही फेसाबरोबर वाहून जाईल. म्हणून आधी स्टार्च घालतात, तो लोखंडाच्या हायड्रॉक्साइडला धरून हेमॅटाइट झाकून टाकतो, आणि मग अमाइन सोडतात. क्रम चुकला तर खेळ खलास.

आणखी एक गंमत. मक्याच्या दाण्याला जो कोंब असतो त्यात तेल असतं, आणि तेल फेसाला मारतं. म्हणून या कामाच्या मक्यात तेलाचं प्रमाण कमी लागतं, कोंब आधी काढून टाकावा लागतो. पापडखार जास्त झालेल्या पापडासारखं आहे हे, एक घटक बिघडला की सगळी कसर तिथेच निघते.

स्टार्चची दुसरी करामत अमेरिकेत मिशिगनच्या टिल्डन खाणीत दिसते. ती १९७४ मध्ये सुरू झाली. तिथलं हेमॅटाइट इतकं बारीक विखुरलेलं आहे की दगड सुमारे २५ मायक्रॉनपर्यंत दळावा लागतो. इतक्या बारीक कणांना बुडबुडा भेटतच नाही, सगळा नुसता चिखल. तिथे स्टार्चच्या लांब माळा हेमॅटाइटच्या अनेक कणांना एकत्र धरून त्यांचे गुच्छ करतात. गुच्छ जड, ते खाली बसतात, आणि क्वार्ट्झचा बारीक गाळ वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यानंतर अमाइन घालून नेहमीचं फ्लोटेशन. एकच पीठ, आधी गोळा करतं, मग बुडवतं.

गवारीची गोष्ट

मेसमध्ये गवारीची भाजी असली की ताटं अर्धी परत जातात. पण याच गवारीच्या बिया जगभर निर्यात होतात, आणि जगातल्या गवारीपैकी सुमारे ८० टक्के भारतात पिकते, त्यातही सगळ्यात जास्त राजस्थानात. बीच्या आतल्या पांढऱ्या भागाची पावडर म्हणजे ग्वार गम. हाही पॉलिसॅकराइड, फक्त कड्या वेगळ्या: मॅनोजची लांब माळ आणि साधारण दर दुसऱ्या मण्याला गॅलॅक्टोजचं एक लोलक.

याचं काम टाल्कशी. टाल्क म्हणजे संगजिरं, ज्याची टाल्कम पावडर होते. हे जात्याच अळवाचं पान! त्याला कलेक्टर लागतच नाही, आपणहून तरंगतं. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड भागातल्या प्लॅटिनमच्या दगडात टाल्क असतो, आणि तो फेसावर आला तर प्लॅटिनमच्या मालात मॅग्नेशियम घुसतं, भट्टीत मळी दाट होते, तापमान वाढवावं लागतं, वीज जळते. म्हणून तिथे ग्वार गम किंवा सेल्युलोजपासून बनवलेलं कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज घालून टाल्क बुडवतात. टाल्कवर ग्वार नेमका कसा बसतो याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आणि या वादात आपल्याही लोकांचा वाटा आहे: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी लास्कोव्स्कींबरोबर १९९७ मध्ये डेक्सट्रिन आणि ग्वार गम टाल्कवर कसे बसतात याचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला.

पण शेतातल्या मालाला शेतातल्या अडचणी असतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेत खडक फोडून गॅस काढणाऱ्या कंपन्यांनी ग्वार गम इतका उचलला की भाव आकाशाला भिडले, आणि मार्च २०१२ मध्ये भारतात ग्वारचे वायदे थांबवावे लागले. अशा वेळी बुडव्याची किंमत खाण ठरवत नाही, दुसऱ्याच धंद्यातली गर्दी ठरवते.

मग सगळं गोड आहे का?

नाही! साखरेची माळ असली तरी नाही. या लेखातून 'नैसर्गिक म्हणजे चांगलं' असा निष्कर्ष काढलात तर माझी मेहनत वाया.

पहिलं, पीठ आंबतं. बॅक्टेरियाला आवडतं म्हणूनच ते निसर्गात विघटित होतं, पण त्याच कारणाने त्याचं द्रावण साठवून ठेवता येत नाही, रोज ताजं करावं लागतं. आणि सांडपाण्यात जास्त गेलं तर ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

दुसरं, पीठ सायनाइडइतकं चोखंदळ नाही. जरा जास्त पडलं की सगळंच बुडवतं. सायनाइडची जागा घ्यायची तर पीएच, क्रम, प्रमाण, रेणूची लांबी हे सगळं त्या त्या दगडासाठी नव्याने बसवावं लागतं.

तिसरं, प्रमाण. दर टन दगडाला अर्धा किलो स्टार्च धरा. ऐकायला किरकोळ. पण वर्षाला एक कोटी टन दगड दळणाऱ्या कारखान्याला मग ५००० टन स्टार्च लागेल. हा मका कुणाच्या तरी शेतातून येणार, आणि तो कुणीतरी खाल्ला असता.

आणि चौथं, सगळ्यात मोठं. स्टार्चने गाळ नाहीसा होत नाही. ५ नोव्हेंबर २०१५ ला त्याच सामार्कोचं फुंदाओ हे गाळाचं धरण फुटलं, १९ माणसं गेली, बेंतो रॉड्रिगेस हे गाव चिखलाखाली गेलं आणि दोसी नदीतून तो चिखल थेट समुद्रापर्यंत पोचला. धरण फुटण्याचा स्टार्चशी काही संबंध नव्हता, तो धरणाच्या बांधणीचा आणि पाण्याचा प्रश्न होता. पण म्हणूनच सांगते: बुडव्या निर्विष झाला म्हणजे खाण निर्धोक झाली, असं होत नाही. एक प्रश्न सुटतो, बाकीचे तिथेच असतात.

आपल्या दगडाचं काय?

मग आपणही ब्राझीलची रेसिपी आणून लोखंडाचा दगड का सुधारत नाही? मला हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर त्या शिसं लावलेल्या क्वार्ट्झमध्येच आहे.

ब्राझीलच्या दगडात नको असलेली गोष्ट मुख्यतः क्वार्ट्झ. आपल्या ओडिशा-झारखंडकडच्या बऱ्याच बारीक लोहखनिजात खरी डोकेदुखी ॲल्युमिनाची: गिब्साइट आणि केओलिनाइट ही मातकट खनिजं. यांच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमला जोडलेले हायड्रॉक्सिल असतात, म्हणजे पुन्हा धातूचेच! मग स्टार्च लोखंडालाही धरतो आणि या मातीलाही. दोघंही बुडतात, वेगळं काहीच होत नाही. पुस्तकातली रेसिपी बरोबर, स्टार्च बरोबर, तरी रिझल्ट नापास. कारण दगड वेगळा.

उलट आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या परिसरात हेमॅटाइटबरोबर बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट आहे, लोखंड आणि क्वार्ट्झचे थरावर थर. तो स्वभावाने ब्राझीलच्या दगडाच्या जवळचा. तिथे हे तत्त्व जास्त लागू पडण्यासारखं आहे. कुठला दगड कुठल्या पिठाचं ऐकेल, हे त्याच्या पृष्ठभागावर कोण बसलंय यावर ठरतं. त्याचं नुसतं केमिकल ॲनालिसिस वाचून ते कळत नाही.

करून बघा

हे सगळं वाचून विश्वास बसत नसेल तर एक सोपा प्रयोग सांगते. मी आणि माझ्या पार्टनरने लॅबमध्ये केला, लॅबमामांनी दोन बीकर जास्तीचे दिले म्हणून जमला.

कॉर्नफ्लोअरची अगदी पातळ, शिजवलेली खळ करा. दोन बीकरमध्ये सारखी वाटा, थोडा कॉस्टिक घालून पीएच १० च्या आसपास आणा. एकात बारीक दळलेलं हेमॅटाइट, दुसऱ्यात तेवढंच आणि तेवढंच बारीक क्वार्ट्झ. दहा मिनिटं ढवळा, गाळून घ्या. आता गाळलेल्या पाण्यात आयोडीनचे थेंब. पण थांबा, अल्कलीत आयोडीनचा निळा रंग उमटत नाही, म्हणून आधी थेंब थेंब ॲसिड घालून पाणी किंचित आम्ल करा. मग बघा. आमच्याकडे क्वार्ट्झचं पाणी गडद निळं आलं, म्हणजे स्टार्च पाण्यातच राहिला होता. हेमॅटाइटचं पाणी फिकट आलं, म्हणजे स्टार्च दगडाबरोबर गेला होता. कॉस्टिक हाताळताना गॉगल आणि ग्लोव्ह्ज मात्र विसरू नका.

पुढच्या वर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टला मला याच्या पुढची पायरी करायची आहे: हेमॅटाइट आणि केओलिनाइट समोरासमोर ठेवून, वेगवेगळ्या पीएचला, मका, साबुदाणा, डेक्सट्रिन आणि ग्वार गम. एखादा तरी बुडव्या असा निघतो का, जो लोखंडाला धरेल आणि मातीला सोडेल? एकटीने होण्यासारखं हे काम नाही. केमिकलवाल्यांपैकी कुणाला साखरेच्या माळा तोडण्या-जोडण्यात रस असेल, कुणाला नुसतं रात्री उशिरापर्यंत फिल्टर पेपर बदलायला आवडत असेल, तर मेटलर्जीच्या लॅबमध्ये संध्याकाळी पाचनंतर भेटा. मार्क फार मिळतील असं प्रॉमिस देत नाही. चहा माझ्याकडून.